कमरेच्या आतलं कव्हर

साल दोन हजार तेवीस. मला चौऱ्याहत्तर सरून पंचाहत्तरावं लागलं होतं. फेब्रुवारीत नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात माझं आतडं कापलं आणि त्याचं तोंड पोटाच्या डाव्या अंगाला बाहेर काढून ठेवलं. त्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी. जे मागून जायचं ते आता पुढून, पिशवीत. एवढं एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढं लाजायला नको.

मी लेकीकडे राहतो. बायको गेल्यावर तिनं आणलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. लेकीच्या घरी राहणं मला कधी पटलं नाही, म्हणून पुण्यातल्या माझ्या दोन खोल्या मी सोडल्या नाहीत. किल्ली पुतण्याकडे. दर हिवाळ्यात तीन महिने जायचो. आपला चहा आपण करायचा, आपल्या उंबऱ्यात बसून प्यायचा. कुणाला विचारायचं नाही. ऑपरेशननंतर माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. येत्या नोव्हेंबरात जायचं.

लेक म्हणाली, "तिथं पिशवी कोण बदलणार?"

"मी."

"आणि इथं कोण बदलतं?"

इथं ती बदलायची. लॅबमधल्या ड्यूटीला जायच्या आधी, हातमोजे घालून. मी भिंतीकडे बघत उभा राहायचो. लहानपणी जिला मी धुतली पुसली, ती मला पुसत होती.

मग तिनंच तोडगा काढला. "एक अख्खा दिवस तुम्ही एकट्यानं बाहेर काढा, बाबा. सकाळी जा, संध्याकाळी या. मला फोन करायचा नाही. जमलं तर नोव्हेंबरचं तिकीट मी स्वतः बुक करते."

"शब्द?"

"शब्द. पण ते पिशवी धरून ठेवायचे बेल्ट आधी बघा. नर्स येणारे गुरुवारी."

गुरुवारी नर्स आली. गोरी, हसरी बाई, हातात पिशव्यांचं बोचकं. पिशवी लटकत राहू नये, कपड्यातून दिसू नये, म्हणून कमरेला लावायच्या तीन तऱ्हा तिनं टेबलावर मांडल्या. एक रुंद इलॅस्टिकचा पट्टा, बाळंतिणीच्या पोटाला बांधतात तसला. एक आतून खिसा शिवलेली चड्डी. तिसरी एक पिशवीवर बसणारी प्लास्टिकची टोपी, पट्ट्यात अडकवायची. मी इलॅस्टिक दोन बोटांनी ताणलं आणि सोडलं.

"हिला सांग," मी लेकीला म्हटलं, "हे बायकांचं काम आहे."

"मी नाही असलं काही सांगणार."

"मग सांग की मी चाळीस वर्षं हाच धंदा केलाय."

ते तिनं सांगितलं. नर्सनं भुवया उंचावल्या, कारण मी पिस्तुलांची कव्हरं शिवायचो हे तिला कसं माहीत असणार?

शाळेत मी तिसरीपर्यंत. नंतर बापाच्या शेजारी चामड्यावर बसलो. बाप चपला शिवायचा. मी पुण्याच्या कॅम्पातल्या एका दुकानात लागलो, तिथं पोलिसांचे पट्टे आणि रिव्हॉल्वरची कव्हरं व्हायची. होल्स्टर हा शब्द गिऱ्हाईक वापरायचं, आम्ही कव्हरच म्हणायचो. पट्ट्याच्या बाहेरचं कव्हर कुणीही करतो. खरी परीक्षा आतल्याची, म्हणजे पॅंट आणि पोट यांच्या मधल्याची. ती मागायला सराफ यायचे, बिल्डर यायचे, परवानावाले. साहेबाला हत्यार जवळ हवं, पण लग्नात शेजारी बसलेल्या व्याह्याला दिसायला नको.

उभ्या माणसाला कुठलंही कव्हर बरं वाटतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला दुकानातल्या बुटक्या स्टुलावर बसवायचो. बसा, उठा, बुटाची नाडी बांधा, परत बसा. पिस्तुलाची मूठ बरगडीत घुसली की त्याचं तोंडच सांगायचं. मग कव्हर दोन बोटं खाली घ्यायचं, थोडं तिरकं करायचं. अंगाकडची बाजू मऊ आणि जराशी उंच ठेवायची, म्हणजे लोखंड कातडीला लागत नाही, घामानं गंजत नाही. आणि बसवताना चामडं ओलं करून हत्यारावरच दाबायचं, रात्रभर वाळवायचं. सकाळी ते असं बसलेलं असायचं की उलटं धरून हलवलं तरी पिस्तूल पडत नाही. हलायला नको, दिसायला नको, टोचायला नको. एक सराफ तर मला म्हणाला होता, तुझं कव्हर लावून मी झोपलो. त्या बोलण्यावर मी महिनाभर ताठ चाललो असेन.

असा माणूस इलॅस्टिकचा पट्टा लावणार?

नर्स जाताना काहीतरी बोलली. लेक म्हणाली, "ती म्हणतेय पिशवीला जागा लागते. घट्ट काही घालू नका." मी मान हलवली. घट्ट आणि टोचणारं यातला फरक मला ती शिकवणार होती!

जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटीच्या दुकानात मला एक जुनं शाळेचं दप्तर मिळालं, जाड, कडक, तपकिरी कातड्याचं. हल्ली असलं चामडं बघायला मिळत नाही. माझी चामडं कापायची रापी आणि टोचायची आरी पुण्याहून येताना बॅगेत तळाला घालून आणलेली होती. लेक कामावर गेली की मी मागच्या अंगणातल्या शेडमध्ये बसायचो. दप्तर उसवलं, कागदावर माप काढलं. आतून जावयाच्या जुन्या जॅकेटचं मऊ अस्तर लावलं. ते जॅकेट त्याच्या जिवाचं होतं हे मला नंतर कळलं. मग चामडं भिजवलं आणि एक नवी कोरी पिशवी मध्ये ठेवून त्यावर दाबून बसवलं. दोन दिवस वाळवलं. पॅंटच्या आत घातलं, वर शर्ट सोडला, आरशात बघितलं. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. शेडमधल्या बादलीवर बसलो, उठलो, नाडी बांधली. कुठं टोचलं नाही. तो आठवडा मी फार खुशीत होतो. लेक म्हणाली, "बाबा, आज गाणं काय म्हणताय?"

जूनमधला एक रविवार ठरला. महिन्यातून एकदा इथले मराठी लोक एका शाळेचा हॉल घेऊन एकत्र जेवतात. सकाळी दहाला जायचं, पाचला परत. ट्राममधून एकटा गेलो. खिशात जादा पिशवी, ओले रुमाल, सगळं. इलॅस्टिकचा पट्टा घरी सोफ्यावर, लेकीला दिसेल असा टाकून आलो होतो.

हॉलमध्ये आमचे डॉक्टर होते. माझ्याच वयाचे, पुण्याचेच, इथल्या हॉस्पिटलात हाडांची कामं करून रिटायर झालेले. पुण्यात असतो तर त्यांच्या आणि माझ्या घरातल्यांनी एका पंगतीला जेवण्याचा प्रसंग आला नसता. इथं ते मला उस्ताद म्हणतात आणि माझ्या ताटातली भजी उचलतात.

"काय उस्ताद, आज कंबर एकदम ताठ! प्रेमात बिमात पडलात की काय?"

"पोलिसात भरती झालोय."

"घेतील हो. चोरांना तुम्ही नुसतं बोलून माराल."

मिसळ होती. मी दोन वाट्या हाणल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा लोकांत बसून जेवत होतो आणि कुणाची नजर माझ्या पोटाकडे जात नव्हती. डॉक्टरांना ऑपरेशन माहीत होतं, तेसुद्धा विसरले असावेत.

दोन वाजता कुणीतरी गायला उभं राहिलं आणि मला कव्हराच्या वरच्या कडेशी गरम लागलं. मग ओलं. मी हललो नाही. वाटलं, घाम असेल. मग वास आला. शेजारची बाई पर्स घेऊन दुसऱ्या खुर्चीवर गेली.

कसाबसा अपंगांच्या संडासात शिरलो. आत अंधार. घरी बाथरूमचा दिवा दोरी ओढून लागतो, तशी दोरी हाताला लागली, ओढली. दिवा लागला नाही. बाहेर भोंगा सुरू झाला. ती मदतीची लाल दोरी होती. हॉलमधलं गाणं थांबलं, आणि अख्ख्या नॉटिंगहॅमचा मराठी माणूस त्या दाराबाहेर गोळा झाला असं मला वाटलं.

"उस्ताद, मी आहे. कडी काढा."

"मी ठीक आहे."

"भोंगा बंद करायला तरी आत घ्या हो."

कडी काढली. डॉक्टर आत आले, दार लावलं, कुठलंसं बटण दाबलं, दिवा लावला. माझ्याकडे बघितलं आणि सरळ फरशीवर गुडघे टेकले. "हे हाडांच्या खात्यात येत नाही," ते म्हणाले, "पण बघू."

पॅंट खाली केली. कव्हर निघेना. मीच पक्कं बसवलं होतं, वर भिजून ते अंगाला चिकटलं होतं, आणि माझे हात थरथरत होते. डॉक्टरांनी बाहेरून स्वयंपाकघरातली कात्री मागवली. "कापू?"

"कापा."

कात्री नुसती घसरत राहिली. दोन-तीनदा जोर लावून ते वर बघत म्हणाले, "काम पक्कं आहे हो तुमचं." मला लाज वाटायला हवी होती. खरं लिहायचं तर त्या वेळी मला बरं वाटलं.

शेवटी त्यांनी ते दोन्ही हातांनी खेचून काढलं, त्याबरोबर पिशवीही निघाली. तेव्हा मला माझी चूक दिसली. पिशवी खाली अर्धी कोरीच होती. चामड्यानं तिला फुगू दिलंच नव्हतं, म्हणून सगळं तोंडाशी साचून चिकटपट्टीखालून बाहेर आलं. पिस्तूल सकाळी जेवढं असतं तेवढंच संध्याकाळी असतं. मी कोऱ्या पिशवीवर माप घेतलं होतं.

"नवी पिशवी आहे ना?"

खिशातून काढून दिली. डॉक्टरांनी ती उलटसुलट बघितली. "उस्ताद, हिला भोक नाही."

चिकटपट्टीला आपल्या तोंडाच्या मापाचं गोल भोक कापून घ्यावं लागतं. ते लेक कापून ठेवायची. मी भिंतीकडे बघायचो, तर मला कुठून माहीत?

त्यांनी कात्रीनं बघितलं करून. भोक मोठं झालं, पट्टी फाटली. दुसरी पिशवी नव्हती.

"लेकीला फोन करू?"

मी खिशातला फोन काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी आपला रेनकोट माझ्या कमरेभोवती गुंडाळला, हाताला कागदी रुमालांचा गठ्ठा दिला आणि फोन करायला बाहेर गेले. मी कमोडच्या झाकणावर बसून राहिलो. ते बाहेर आलेलं आतडं आपल्या मनानं चालतं, मला विचारत नाही. एक रुमाल भरला की दुसरा धरायचा, एवढंच काम होतं.

वीस-पंचवीस मिनिटांनी लेक आली. धुतलं, पुसलं, पिशवी लावली, नवी पॅंट चढवली. मग सिंकमधलं कव्हर उचलून बघितलं.

"हे कधी केलंत?"

"तू कामावर असताना."

"फुगते ती, बाबा. माहीत होतं ना?"

"पिस्तूल फुगत नाही," मी म्हटलं.

ती हसली. हसता हसता तोंड फिरवलं आणि बराच वेळ नळ सोडून हात धुवत राहिली.

गाडीत म्हणाली, "एकदा झालं म्हणून काय. पुढच्या महिन्यात परत करू. तो पट्टा लावून जा."

"बघू."

घरी पोचलो तेव्हा उन्हं होती. जूनमध्ये इथं नऊ-दहापर्यंत सूर्य मावळत नाही. जेवणाच्या टेबलावर मी पिशव्यांचा डबा, मापाचं कार्ड आणि छोटी वाकडी कात्री घेऊन बसलो. म्हटलं, पट्टा काय, कुठलाही लावीन, पण भोक मला कापता आलं पाहिजे. तिथं पुण्यात ते कोण कापून देणार? कार्डावरचा गोल पेनानं गिरवला. कात्री घातली. आयुष्यभर या हातांनी चामड्यात गोल कापले, डोळे मिटून कापले असतील. पहिलं भोक तिरकं गेलं. दुसऱ्यात कडेपर्यंत चीर गेली. चष्मा बदलला, खिडकीशी गेलो, कोपर टेबलाला टेकवून हात धरला. हात ऐकेना. ऑपरेशनआधीपासूनच तो थोडा थरथरायचा, पण मी ते कुणाला कळू दिलं नव्हतं, स्वतःलाही नाही. रापी जड असते, तिच्या वजनाखाली थरथर लपते. ही कात्री कागदासारखी हलकी. सात पिशव्या वाया घालवल्या.

लेक दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही.

"मी ढीगभर कापून देईन की," ती म्हणाली. "तीन महिन्यांच्या. बॅगेत भरून न्या."

"आणि माप बदललं तर? नर्स म्हणते बदलतं."

वाया गेलेल्या पिशव्या तिनं गोळा केल्या. उद्या सकाळी बोलू म्हणाली.

सकाळी ती उठायच्या आत मी पुण्याला फोन लावला. तिथं साडेदहा वाजले होते. पुतण्या म्हणाला, "बोला काका, कधी येताय? नोव्हेंबरच्या आत रंग काढून ठेवतो खोलीला."

मी म्हटलं, "रंग नको काढू. कुणी चांगलं कुटुंब बघ आणि राहायला दे. गॅस, भांडी आहेत तशी राहू देत, वापरतील."

"अहो, असं काय? तब्येत बरी नाही का?"

"तब्येत एकदम फस्क्लास आहे," मी म्हटलं. "इथं कामं पडलीत," आणि फोन ठेवून दिला.