बोका, शिडी आणि बाहेरची कडी

माझ्या मुलाने ही हकीकत आजवर निदान तीन समारंभांत सांगितली आहे आणि तिन्ही वेळा पंगतीत हशा पिकला आहे. त्याच्या सांगण्यानुसार, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी बसलेले त्याचे वडील संगणकावर कार्टूनचा खेळ खेळत होते, खेळातला बोका अचानक बोलला, आणि वडील असे ओरडले की समोरच्या घरातल्या बाई धावत आल्या. माझ्या नातीची आवृत्ती थोडी वेगळी आहे. त्या आवृत्तीत मी खुर्चीवरून पडतो. मी पडलो नाही. मी त्या वेळी खुर्चीत नव्हतोच. आणि बोलला तो बोका नव्हता, बोक्याचा मालक होता. ज्यांना एवढ्या साध्या गोष्टी नीट सांगता येत नाहीत, त्यांच्या हाती माझ्या आयुष्यातले ते दहा-बारा दिवस सोपवण्याची माझी तयारी नाही.

घाबरलो होतो, हे मात्र खरे. पण कशाला घाबरलो, हे त्या पंगतीतल्या कुणीही विचारले नाही, आणि मुलाला ते ठाऊक असूनही तो सांगत नाही.

लालबागला, आमची जुनी चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही चौघे राहतो: मुलगा, सून, कॉलेजात जाणारी नात आणि मी. सकाळी नऊला तिघेही बाहेर पडतात. सून पाच वाजता परळच्या ऑफिसातून परतेपर्यंत घर माझ्या ताब्यात असते. चहा मी करतो, जेवण मी गरम करतो, आणि मनात आले की दाराशेजारच्या खिळ्यावरची माझी किल्ली घेऊन खाली चक्कर मारतो. त्या किल्लीला गिरणीतला माझा पितळी बिल्ला अडकवलेला आहे. गिरणीत मी फिटर होतो. हत्यारखान्यातून पाना घ्यायचा तर त्या जागी खुंटीवर आपला बिल्ला टांगायचा. पाना परत केला की बिल्ला परत. पाळी संपताना एकही बिल्ला खुंटीवर दिसता कामा नये. एकदा कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात माझ्या जोडीदाराचा पाना यंत्रातच राहिला. यंत्र सुरू झाले आणि एका कामगाराची दोन बोटे गेली. त्या दिवसापासून काम थांबवताना हत्यार जागेवर ठेवले की नाही, हे मी दोनदा पाहतो. सवय म्हणा, मी शिस्त म्हणतो.

शस्त्रक्रियेनंतर महिनाभर खाली उतरायची बंदी झाली, तेव्हा नातीने तो खेळ आणला. ती लहान असताना आम्ही दोघे दुपारी जेवताना टीव्हीवर एक विनोदी कार्टून पाहत असू. त्यात एक जाडा, टकला गृहस्थ, त्याचा आगाऊ बोका आणि त्याची कडक बायको होती. घरातली वस्तू जागेवर नसली की ती बायको लाटणे घेऊन त्याच्या मागे लागे, हा त्या मालिकेतला कायमचा विनोद. हा खेळ त्याच मालिकेवरून बनवलेला.

"आबा, यात मारामारी नाही, घाई नाही," नात म्हणाली. "नुसतं माउसने दाखवायचं. बघ, उचल, वापर. बोका पाण्याच्या टाकीवर चढून बसलाय, त्याला खाली आणायचं. बस."

मला तो खेळ आवडला, हे सांगायला मी लाजत नाही. टकल्याला मी म्हणेन तिथे तो चालत जाई. शिडी दाखवली की शिडी त्याच्या पिशवीत, सुतळी दाखवली की सुतळी पिशवीत. सुका बोंबील सुतळीला बांधून तो शिडीवरून बोक्याला दाखवायचा, एवढा अंदाज मला दुसऱ्याच दिवशी आला होता. पण टाकीच्या वाटेवरच्या दाराला कुलूप होते आणि ते उघडायला काय लागेल ते कळत नव्हते. मी दुपारी दोन तास शोधाशोध करी आणि पाच वाजत आले की आवरे. आवरणे म्हणजे सगळे जिथल्या तिथे ठेवणे. शिडी जिन्याखाली, सुतळी फळीवर, बोंबील बरणीत. खेळात तशी सोय होती, उचललेली वस्तू तिच्या मूळ जागेवर नेली की टकला हात जोडून म्हणे, "ठेवलं बाई, जागेवर ठेवलं!" मग मी संगणक बंद करी. संध्याकाळी नातीने तो लावला तर तिला सगळे हाताशी सापडायला हवे, असा माझा सरळ हिशेब.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी गॅलरीत बसलो होतो. स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीत उघडते, हे सून विसरली असावी.

"अहो, आठ दिवस झाले," ती मुलाला म्हणत होती. "रोज मी दार उघडते आणि आतून तेच. ठेवलं बाई, जागेवर ठेवलं. तीच शिडी, तीच बरणी. काल काय केलं ते त्यांच्या लक्षातच राहत नाहीये."

"खेळ आहे गं तो. अडकले असतील."

"आईंचं असंच सुरू झालं होतं."

नळ सुरू झाला आणि बंद झाला. मग मुलगा म्हणाला, "शनिवारी डॉक्टरची वेळ घेतो. गुडघा दाखवायचाय म्हणून नेऊ."

इथे माझ्या दिवंगत पत्नीविषयी लिहिणे भाग आहे. तिची सुरुवात चहाच्या डब्यापासून झाली. डबा फळीवर ठेवायचा, काढायचा, पुन्हा ठेवायचा. पुढे तो हातात धरूनच ती मालवणीत विचारू लागली, "माझो डबो खंय गेलो?" मी हसून म्हणे, "तुझ्या हातात बघ." तीही हसे. वर्षभरात ती हसेनाशी झाली.

त्या संध्याकाळी मी जेवलो, बातम्या पाहिल्या. पण ताटातली भाजी कसली होती, हे अंथरुणावर पडताच मी स्वतःला विचारले. पडवळाची होती. मग कालची? आठवली. परवाची आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिघे गेल्यावर चहा ठेवायला गेलो, तर गॅस पेटेना. खालचा कॉक बंद होता. तो मी कधीच बंद करत नाही. की केला होता? मी तो उघडून चहा घेतला, मन दुसरीकडे वळावे म्हणून दुपारची वाट न पाहता खेळ लावला, आणि सहज मान वळवली तेव्हा दाराशेजारचा खिळा रिकामा दिसला.

बाहेर जायचे नव्हतेच मला. पण ती किल्ली त्या खिळ्यावर नाही, असे कधी झालेले नाही. मी उठलो. शर्टाचे खिसे, पँटचे खिसे, उशीखाली, देव्हाऱ्यापुढे, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात पाहिले. मग पुन्हा शर्टाचे खिसे. फ्रीज उघडला, कारण पत्नीचा चष्मा एकदा फ्रीजमध्ये सापडला होता. तांदळाच्या डब्यात हात घातला. गुडघा ठणकत होता आणि हातातली काठी सारखी निसटत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. स्वयंपाकघरात चहाचा डबा हातात घेऊन मी उभा होतो, त्यात पाहून झाले होते की पाहायचे होते हे मला कळेना, आणि माझ्याच तोंडून शब्द आले, "किल्ली खंय गेली?"

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून कुणीतरी मोठ्याने म्हणाले, "काय शोधताय, साहेब? विसरलात वाटतं!"

मी ओरडलो. हीच ती सुप्रसिद्ध आरोळी. माउस बराच वेळ हलला नाही की तो टकला खेळणाऱ्याकडे वळून काहीबाही बोले. ते मी आधी ऐकलेही होते. पण रिकाम्या घरात, हातात तो डबा असताना, ते वाक्य ऐकून जो माणूस ओरडणार नाही त्याने मला खुशाल हसावे.

बेल वाजली. समोरच्या बाई होत्या.

"काका, काय झालं? कोण ओरडलं?"

"टीव्ही," मी म्हणालो.

"तुमच्या हातात डबा का?"

"चहा घेता?"

त्या गेल्या. मी दार लोटून घेतले नाही. दाराच्या बाहेरच्या अंगाला वरती एक कडी आहे. ती मी हाताने चाचपली. उघडी होती. मग आत येऊन खुर्चीत बसलो आणि कॅलेंडरच्या पाठीवर लिहायला घेतले: शिडी जिन्याखाली. सुतळी वरच्या फळीवर, डावीकडे. बोंबील तिसऱ्या बरणीत. छत्री, चिमटा, आरसा. सोळा वस्तू आणि सोळा जागा लिहून मी खेळात एकेक पडताळून पाहिली. एकही चुकली नव्हती. तरी मी पुन्हा मान वळवून पाहिले, आणि खिळा रिकामाच होता.

नात त्या दिवशी तीनला आली. मी तिला कागद दाखवला आणि विचारले, "यातलं काय चुकलं?"

"काही नाही. पण आबा, तू अजून सुरुवातीलाच कसा? पिशवी रिकामी कशी तुझी?"

"काल सगळं परत ठेवलं म्हणून."

"परत का ठेवलंस?"

"काम थांबवताना हत्यार जागेवर नको?"

तिने माझ्याकडे पाहिले आणि खुर्चीच्या हातावर बसून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आले. "आबा, तो आपोआप लक्षात ठेवतो सगळं! जिथे सोडशील तिथून उद्या सुरू. तू रोज स्वतःच पाटी पुसत होतास. ती छत्री पिशवीत तशीच ठेवून खेळ बंद केला असतास ना, तर दुसऱ्या दिवशी खेळात पाऊस लागतो आणि कुलूप गंजून पडतं!"

"मग हे तुझ्या आईला सांग," मी म्हणालो. माझा आवाज ऐकून तिचे हसू थांबले.

सून पाचला आली. तिने दारात चपला काढल्या आणि मी खिळ्याकडे बोट केले. तिने पर्समधून किल्ली काढून माझ्यापुढे धरली. बिल्ला तसाच होता.

"मी काढली, बाबा. गॅसचा कॉकही मीच बंद केला. तुम्ही एकटे खाली उतरलात आणि परत येता आलं नाही तर... मला भीती वाटली."

"मला सांगायचं होतंस."

"काय सांगू? तुम्ही ऐकून घेतलं असतंत?"

दिवसभरात मी तिच्यासाठी जे शब्द जुळवून ठेवले होते ते पुष्कळ आणि धारदार होते. नात मधे पडून खेळाचे सगळे समजावत होती. सून कधी कागदाकडे, कधी माझ्याकडे पाहत होती. मी ते शब्द उच्चारले नाहीत. मुलगा सांगतो की बाबांनी मोठ्या मनाने माफ केले. तेही खोटे आहे. मी गप्प बसलो याचे कारण त्या दाराबाहेरची कडी.

ती कडी मी बसवली होती. पत्नीला वाटा ओळखू येईनाशा झाल्या तेव्हा, चार स्क्रू मारून, माझ्या हाताने. सर्वांना मी सांगत आलो की दुपारी ती झोपली असतानाच कडी लावून दूध आणायला जात असे. ही माझी आवृत्ती. तिला आजवर कुणी हरकत घेतली नाही, कारण घरात तेव्हा दुसरे कुणी नसे. खरे असे की ती जागी असे. कडी लावून मी लिफ्टशी पोचलो की आतून दारावर हलके टकटक ऐकू येई. ती ओरडत नसे. पाहुणा वाजवतो तसे दोन-तीनदा वाजवी. मी ते ऐकून लिफ्टमध्ये शिरत असे.

शनिवारी मी स्वतःहून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर घड्याळाचे चित्र काढायला लावले, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले. मला चार आठवले. वयाच्या मानाने ठीक आहे, सहा महिन्यांनी या, असे ते म्हणाले. मुलगा पंगतीत हा भाग सांगतो तेव्हा पाचही शब्द आठवले असे सांगतो. चारच आठवले. पाचवा अजून आठवलेला नाही.

रविवारी सकाळी मी हत्यारांची पेटी काढली आणि स्टूल दाराबाहेर ठेवले. सून धावत आली. "बाबा, गुडघा! मी करते, द्या इकडे."

"तू स्टूल धर."

कडीवर रंगाचे दोन थर चढले होते. पहिला स्क्रू हलायलाच बराच वेळ लागला.

"पुढे वेळ आली," मी वरून म्हणालो, "तर माझ्याजवळ माणूस बसवा. किल्ली काढून घ्या, गॅस बंद करा. पण बाहेरून कडी नको."

"असं काय बोलता? आम्ही कशाला कडी लावू?"

"लावली जाते," मी म्हणालो. "मी लावत होतो. ती जागी असायची."

स्टुलावरचा तिचा हात हलला नाही. तिने दुसरा हात वर केला आणि मी एकेक स्क्रू त्यावर ठेवत गेलो. शेवटी तिने तळहात माझ्यासमोर धरला. चार होते. मी दोनदा मोजले.