नानांच्या रुळांतल्या फटी

काकीचं कार्ड धुळ्याला माझ्या हातात पडलं, तेव्हा नानांना जाऊन चार दिवस झाले होते. मी छापखान्यात ओली पत्रकं दोरीवर टाकत होतो. कार्डात तीनच ओळी होत्या. शेवटची अशी: ‘महिन्याच्या श्राद्धाला त्यांची टोळी जेवायला येईल. तोवर त्यांची गाडी चालती करून दे.’

नाना माझे धाकटे काका, रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीचे मुकादम. जळगावजवळ पिंप्राळ्याला त्यांच्या पडवीत दहा हात लांब फळी होती. तिच्यावर रॉकेलच्या डब्यांच्या पत्र्याचे रूळ आणि साहेबाच्या पोराने मोडून फेकलेलं, चावीवर चालणारं खेळण्यातलं इंजिन. कंपनीचं नियमांचं पुस्तक इंग्रजीत आणि टोळीतल्या एकालाही अक्षर येत नाही. रूळ फाकला तर दोष मात्र टोळीचा! म्हणून नाना त्यांना या फळीवर शिकवत.

आणि मी याच माणसावर पत्रक काढलं होतं. ‘रुळांवरचे गुलाम’ हे त्याचं नाव. प्रत नानांच्या हातात मीच दिली. उभ्यानेच वाचून त्यांनी घडी घातली आणि म्हणाले, “छपाई बरी शे, भाऊ.” एवढंच. मला वाद हवा होता. तो मिळाला नाही म्हणून दोन वर्षं मी त्या घराची पायरी चढलो नाही...

पिंप्राळ्याला जाऊन फळी पाहिली आणि हादरलो. अर्धे रूळ चेपलेले. उरलेले नानांनी पुन्हा बसवलेले, पण प्रत्येक सांध्यात बारीक फट. म्हातारपणी हात थरथरत असणार, असं मी ठरवून टाकलं. मला यातलं काही येत नव्हतं. बोटं भाजत कथील वितळवून सांध्याला डाग द्यायला शिकलो. आठ दिवस खपून चेपलेले रूळ सरळ केले आणि नानांच्या सगळ्या फटी कथलाने भरून टाकल्या. रूळ कसा एकसंध दिसत होता!

श्राद्धाच्या सकाळी फळी अंगणात मांडली. वैशाखाचं ऊन. जेवणं व्हायच्या आत रूळ खिळ्यांसकट उचलले जाऊन सापासारखे वाकडे झाले. टोळीतले आठ जण पंगतीतून उठून आले. कोणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. त्यांच्यातला म्हातारा सांध्यावर बोट फिरवत म्हणाला, “बठ्ठ्या फटी बुजी टाक्यात का, भाऊ? नाना सांगेत, लोखंडले बी उन्हाया ऱ्हास.”

लोखंडालाही उन्हाळा असतो; तापल्यावर रुळाला पसरायला जागा लागते. टोळीला हे माहीत होतं. गुलामांवर लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं.

“पण आधी हे रूळ चेपले कशाने?” मी काकीला विचारलं.

“पत्रकांपायी तुला शोधायला पोलीस आले होते. तू कुठे आहेस ते हे सांगत नाहीत म्हणून फळीवर बुटांनी नाचले. तुला कळवायचं नाही, असं यांनी मला बजावलं होतं.”

त्या पोलिसांवर मी आज दहा पत्रकं लिहू शकतो. माझ्यावर कोण लिहिणार?

काकीने नानांचा हत्यारांचा डबा पुढे केला. त्यात कागदाची एक कडक घडी होती. म्हाताऱ्याने ती ओळखली. रूळ बसवताना नाना ती सांध्यात घालत, खिळा ठोकला की काढून घेत. तेवढीच फट. मी घडी उलगडली... माझंच पत्रक. “हेच का ठेवलं?” मी विचारलं. काकी पदराने तोंड पुसत म्हणाली, “कागद जाड होता ना.”

उन्हं उतरेपर्यंत आम्ही वाकलेले रूळ सरळ केले आणि ती घडी घालून सांधे मोकळे केले. इंजिन एक फेरा पुरा करून थांबलं. प्रत्येक फटीवर टक् वाजत होतं आणि आठही जण मान खाली घालून ते ऐकत होते.

फळी आता धुळ्याला माझ्या खोलीत आहे. सांधा घट्ट झाला की डब्यातून ती घडी काढतो. ती अशी घातली आहे की ‘गुलाम’ हा शब्द वर येतो. रुळात घालण्याआधी तो दर वेळी वाचावा लागतो.