वहिनींचा ओट्सचा डबा

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिसळ खात होतो. रविवार होता, सायखेड्याच्या चौकातल्या नेहमीच्या हॉटेलात आम्ही तिघे-चौघे निवृत्त मास्तर बसलो होतो आणि दुसऱ्यांदा रस्सा मागवला होता. मोबाइलवर मृणालचं, माझ्या पुतणीचं नाव दिसलं. ती एवढंच म्हणाली, "काका, आई गेली... आत्ताच." मी "निघतोच" म्हणालो, फोन खिशात ठेवला, आणि त्या पहिल्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते कागदावर उतरवताना माझी मलाच किळस येते आहे. पण ते लिहिल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही. मनात आलं, सुटलो, आता पुढच्या दिवाळीला ते ओट्स खावे लागणार नाहीत. रडू नंतर आलं, नाशिकच्या वाटेवर, आणि चांगलं भडभडून आलं. पण आधी आलं ते हे.

शालिनीवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्या लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमटी केली आणि तीत मीठ दोनदा पडलं. सगळी पंगत खाली मान घालून जेवत होती. आई, वडील, दादा, कोणी चकार शब्द काढेना. मी म्हणालो, "वहिनी, आमटी खारट झालीय. पाणी घाला नाहीतर ओतून द्या." आईनं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. वहिनी मात्र हसल्या. दुसऱ्या दिवशी मागच्या दारी कपडे वाळत घालताना मला म्हणाल्या, "भाऊजी, या घरात खरं बोलणारे तुम्ही एकटेच दिसता. यापुढे मी तुम्हालाच विचारणार." आणि खरोखर पुढची चाळीस वर्षं त्या मलाच विचारत राहिल्या. साडी अंगावर शोभते का, मृणालसाठी आलेलं स्थळ कसं वाटतं, नाशिकच्या नव्या घराला कोणता रंग द्यावा... दर वेळी शेवटी एकच वाक्य, "खरं सांगा हं, भाऊजी." मी सांगायचो. फटकळ म्हणून भावकीत माझं नाव होतंच, वहिनींनी त्या फटकळपणाला किंमत दिली. मला त्याचा फार गर्व होता.

दिवाळीची पहिली अंघोळ सगळ्यांनी नाशिकला दादाकडे करायची, ही आमच्या घरची रीत. आदल्या संध्याकाळी आम्ही सायखेड्याहून जायचो, चुलत भावंडं पोराबाळांसकट यायची, पहाटे उटणं, कारीट, आणि उजाडता उजाडता हॉलमध्ये सतरंज्या टाकून फराळ. वहिनींच्या चकल्या अशा व्हायच्या की आम्ही त्या मोजून वाटून घ्यायचो. मग अकरा वर्षांपूर्वी दादाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी एक छापील कागद हातात दिला, आणि त्या दिवाळीला वहिनींनी कढई माळ्यावर टाकली. "जे यांना चालत नाही ते या घरात कोणी खायचं नाही," म्हणाल्या. उजाडलं, आम्ही न्हाऊनमाखून नव्या कपड्यांत ओळीनं बसलो, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक करडी वडी आली.

ती वडी कशी होती ते सांगितलंच पाहिजे. रात्रभर दुधात भिजवलेले ओट्स, त्यात कुस्करलेली केळी, किसलेलं सफरचंद, बेदाणे, आणि वरून दालचिनी. साखर नाही, तूप नाही. वहिनींकडे अ‍ॅल्युमिनियमचा जुना गोल ओव्हन होता, झाकणाला काचेची खिडकी असलेला. त्यात हे सगळं तासभर भाजायचं. वरची साल चिवट, आतलं सगळं बुळबुळीत. शाळेत आम्ही तक्ते चिकटवायला खळ शिजवायचो, तिला असाच वास यायचा. भाजलेलं केळं काळं पडून दोऱ्या-दोऱ्यांसारखं दातात यायचं. फुगलेला बेदाणा जिभेवर फुटला की अंगावर काटा यायचा. मी पहिला घास तोंडात घेतला आणि तो खाली जाईना. समोर पोरं तोंड वेडंवाकडं करत होती, चुलतभाऊ रुमालात काहीतरी गुंडाळत होता, आणि दादा, बिचारा, मान खाली घालून मुकाट चावत होता. वहिनी दारात उभ्या होत्या. पदरानं हात पुसत त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "कसं झालंय? खरं सांगा हं, भाऊजी."

दादा ऑपरेशनमधून नुकता उठला होता. वहिनींचे तीन महिने दवाखान्याच्या बाकड्यावर गेले होते. मी तो घास गिळला आणि म्हणालो, "मस्त झालंय. अजून एक द्या." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी खोटं बोललो, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, काय मोठं पुण्य केलं आपण.

त्या दिवशी निघताना त्यांनी स्टीलच्या डब्यात सहा वड्या भरून दिल्या. "तुम्हाला आवडल्या ना, घरी खा." सायखेड्याला गोदावरीच्या पुलावर मी गाडी थांबवली आणि सहाच्या सहा वड्या पाण्यात टाकल्या. माझी बायको अलका गाडीत बसून बघत होती. "अहो, अन्न आहे ते," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "माशांना विचार अन्न आहे का ते." आम्ही दोघंही हसलो होतो, हे मला आठवतं. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून अलकानं तो घासून तिच्या भावाच्या बागेतले बेदाणे त्यात भरले. वहिनी खूश झाल्या. "बघा, पुढच्या दिवाळीच्या वड्यांची सोय झाली," म्हणाल्या. मग हा रिवाजच पडला. दर दिवाळीला डबा ओट्स घेऊन यायचा, पुलावर रिकामा व्हायचा आणि बेदाणे घेऊन परत जायचा. आमचेच बेदाणे पुढच्या वर्षी वडीतून माझ्या दातांखाली यायचे. मी हा किस्सा शाळेत रंगवून सांगायचो, आणि सगळे पोट धरून हसायचे.

चार वर्षांपूर्वी दादा गेला. त्या वर्षी दिवाळी झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मला वाटलं, ज्याच्यासाठी ते पथ्य होतं तो माणूसच राहिला नाही, आता चकल्या परत येतील. पहाटे स्वयंपाकघरातून तोच दालचिनीचा आणि तापलेल्या केळ्याचा वास आला. वहिनींनी माझ्यापुढे बशी ठेवली. "यांच्या मागे बंदच करणार होते, भाऊजी. मग म्हटलं, तुम्ही वर्षभर वाट बघत असाल. तुमच्यासाठीच केलंय." तेव्हा बोलायला हवं होतं. "वहिनी, मला हे कधीच आवडलं नाही," एवढं एकच वाक्य. दोघं हसलो असतो, त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या आणि कढई माळ्यावरून खाली आली असती. मी म्हणालो, "वाट बघतच होतो."

गेल्या दिवाळीला त्यांची किमो चालू होती. डोक्याला रुमाल, हात काटकुळे. मी त्यांना म्हणालो, "आता हे सगळं कशाला, वहिनी?" त्या म्हणाल्या, "दिवाळी वर्षातून एकदाच तर येते." वडी नेहमीपेक्षा वाईट झाली होती, एका बाजूनं करपलेली आणि मध्ये कच्ची. त्यांनी विचारलं. मी नेहमीचंच उत्तर दिलं. पूल आला तेव्हा अलका म्हणाली, "निदान या वर्षी तरी नका टाकू." मी टाकल्या. डिसेंबरात त्यांना बघायला गेलो तेव्हा बेदाण्यांनी भरलेला डबा परत नेला. त्या गादीवर पडून होत्या. आजाऱ्याशी काय बोलायचं ते मला कधीच सुचत नाही, म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "वड्या दोन दिवसांत संपल्या हो. पुरल्या नाहीत या वेळी." त्या हसल्या आणि डबा उशाशी ठेवून घेतला. ती आमची शेवटची भेट. संक्रांतीला येतो म्हणून मी निघालो, आणि संक्रांतीच्या आठ दिवस आधी त्या गेल्या.

दशक्रिया सायखेड्याच्या घाटावर झाली. आमच्या भागात दशक्रियेला आधी प्रवचन होतं आणि मग माइकवर श्रद्धांजलीची भाषणं होतात, ज्याला त्याला बोलायचं असतं. मला ती सगळी पद्धतच ओंगळ वाटते. एक गावपुढारी उठला. त्यानं वहिनींना जन्मात पाहिलं नसेल. शेजारच्याला नाव विचारून घेतलं आणि सुरू झाला, "माऊली गेली. अन्नपूर्णा व्हती. लय माया व्हती तिच्या हाताला. त्या हातचं खाल्लेला मानूस जलमभर इसरनार नाय..." ज्या चुलतभावानं अकरा वर्षं वड्या रुमालात गुंडाळून खिशात कोंबल्या तोही उठला आणि वहिनींच्या हातच्या चवीवर पाच मिनिटं बोलला. फॅमिली ग्रुपवर तर कोणीतरी त्या करड्या वडीचा फोटो टाकला होता आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती. या सगळ्यांची मला शिसारी आली. वाटलं, माइक ओढून घ्यावा आणि एकेकाची लाज काढावी. तेवढ्यात पुकारा झाला, "आता मयताचे दीर, गुरुजी, दोन शब्द बोलतील." मी उठलो. समोर मृणाल बसली होती, डोळे सुजलेली. मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, "दिवाळीच्या पहाटे वहिनी ओट्सच्या वड्या करायच्या. त्यांची चव अजून माझ्या जिभेवर आहे." आवाजही नेमका तिथेच भरून आला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. दुसऱ्यांना नावं ठेवणारा मी, त्या सगळ्यांत अव्वल ठरलो.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मृणाल घरी आली. तिनं पिशवीतून तोच स्टीलचा डबा काढला. गार होता, बाहेरून दव धरलेला. झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर वहिनींचं अक्षर. "काका, तुम्ही घाटावर बोललात ना, तेव्हा मला एकदम आठवलं. हे फ्रीझरमध्ये राहूनच गेलं होतं. तुम्ही डिसेंबरात येऊन गेलात, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आईनं केलं. म्हणाली, भाऊजींना पुरलं नाही, संक्रांतीला येतील तेव्हा देऊ."

मी विचारलं, "त्यांना उभं राहवत होतं?"

"कुठलं! खुर्ची घेऊन बसली होती ओव्हनपाशी. आणि तिला त्या वासानं उलटी व्हायची, काका. केळ्याच्या तर फारच. माझी ओढणी नाका-तोंडाला बांधून केलं तिनं. मध्ये दोनदा बेसिनपाशी जाऊन आली. मी म्हटलं, आई, राहू दे, मी काकांना सांगते. तर मला म्हणाली, भाऊजी खोटं बोलत नाहीत, त्यांना आवडतं म्हणजे आवडतं." मृणाल डोळे पुसून हसली. "खरं सांगू? आम्हाला घरात कोणालाच ते आवडायचं नाही. आईलासुद्धा नाही. फक्त तुम्हालाच आवडायचं."

मी तिला काहीच सांगितलं नाही. त्या पोरीजवळ आईचं एवढं एक राहिलंय, ते कशाला काढून घ्यायचं... असं मी स्वतःला सांगतो. पण अकरा वर्षांपूर्वीही मी स्वतःला असंच काहीतरी सांगितलं होतं, म्हणून आता त्यावर माझा फारसा विश्वास नाही.

मृणाल गेल्यावर मी डबा उघडला. आत सहा वड्या होत्या. अलका म्हणाली, "अहो, महिना झाला त्याला. पोट बिघडेल." मी टेबलापाशी बसलो आणि एकेक करून खायला लागलो. मला वाटलं होतं, माणूस गेल्यावर त्याच्या हातचं गोड लागत असेल, लोक तसं सांगतात. तसलं काही झालं नाही. बर्फानं पाणी सुटून त्या जास्तच लिबलिबीत झाल्या होत्या, दालचिनी कडू लागत होती, आणि बेदाणे आमचेच होते. तिसऱ्या वडीला उमासा आला. मोरीपाशी जाऊन आलो आणि पुन्हा बसलो. सहाच्या सहा खाल्ल्या. मग मोठ्यानं म्हणालो, "वहिनी, बुळबुळीत झालंय. मला नाही आवडलं. पहिल्या वर्षीसुद्धा नव्हतं आवडलं."

अलका स्वयंपाकघरातून डोकावली. "कोणाशी बोलताय?"

"वहिनींनी विचारलं होतं," मी म्हणालो.

तिनं डबा उचलून नेला, घासला, पुसला आणि हाताच्या सवयीनं त्यात बेदाणे भरले. मग झाकण हातात धरून तशीच उभी राहिली. आता तो डबा आमच्या फ्रीजवर असतो. झाकणाची पट्टी ओल्यानं एका कोपऱ्यात सुटली आहे, पण अलकाला मी ती काढू दिलेली नाही. रोज सकाळी दूध काढायला गेलं की ती वाचली जाते. वहिनींनी तिच्यावर लिहिलंय, "भाऊजींना आवडतं."