शेजारचे पाहुणे

मित्सुए कुराहाशीच्या घरी सकाळचा क्रम ठरलेला. सहाला भात, साडेसहाला मिसोचं कढण, आणि त्याला उकळी फुटायच्या आत खारवलेला बांगडा जाळीवर. नवरा शिगेओ दुखरे गुडघे स्टोव्हकडे करून पेपर वाचत बसे आणि मासा उलटल्याचा आवाज आला की घडी घाली. त्या दिवशी त्याने घडी घातली आणि तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दाराला घंटी असताना टकटक करणारं कोण, म्हणत मित्सुएने दार सरकवलं. बाहेर अठरा-एक वर्षांची मुलगी. अंगात स्वेटर, पायांत लॉजमध्ये देतात तसल्या पातळ सपाता, हातात रस्त्यावरच्या यंत्रातून घेतलेली चहाची गरम बाटली.

"काकू, माफ करा. मी शेजारच्या इमारतीत उतरलेय. चहा घ्यायला खाली आले आणि मागे इमारतीचं दार लागलं. दार उघडायचा आकडा फोनमध्ये आहे आणि फोन खोलीत."

"एकटीच आहेस?"

"हो. आज प्रवेशपरीक्षा आहे. साडेनऊला. परीक्षेचं ओळखपत्रही वरच आहे."

"आत ये आधी. ओठ निळे पडलेत."

शेजारची ती पाच मजली इमारत मित्सुएच्या डोळ्यांत गेली दोन वर्षं खुपत होती. ओकायामाच्या त्या गल्लीत चौतीस वर्षं तिचं आठ खोल्यांचं उतारगृह होतं. कंबरेचं ऑपरेशन झालं तेव्हा ते बंद केलं, आणि वर्षभरात शेजारच्या टोफूवाल्याची जागा विकली जाऊन तिथे हे लॉज उभं राहिलं. दारात माणूस नाही. भिंतीला एक चकचकीत पाटी, तिच्यावर बोटाने नाव लिहायचं की ती दाराचा आकडा देते. खोलीतच शेगडी, भांडी, कपडे धुवायचं यंत्र. मित्सुए ओट्यापाशी उभी राहून खिडकीतून बघे. एकदा एक म्हातारे गृहस्थ त्या पाटीला कंबरेतून वाकून नमस्कार करताना दिसले, तर हिचा दिवसभर घास गोड लागला नाही. माणसाचा मत्सर कुणीही करतं. हिने पाटीचा केला.

पण पाटीपेक्षाही जास्त सलत होती ती याएको. बावीस वर्षं मित्सुएच्या हाताखाली काम केलेली बाई. उतारगृह मिटलं आणि तिने शेजारी खोल्या साफ करायचं काम धरलं. पोटासाठी धरलं, हे मित्सुएला कळत होतं. पण चार महिन्यांपूर्वी याएको एक चिठ्ठी दाखवायला आली. पाहुण्यांनी जाताना उशीवर ठेवलेली, सोबत कागदात गुंडाळलेली मोची, तांदळाची मिठाई. 'खोली फार छान ठेवली होती, आभारी आहोत.' अशा चौदा-पंधरा झाल्यात, ती म्हणाली, डब्यात ठेवते मी. मित्सुएने चिठ्ठी वाचली, परत दिली, आणि कढण उतू जातंय म्हणून आत निघून गेली. शेगडीवर काहीच नव्हतं. त्या दिवसापासून बोलणं बंद.

मुलीचं नाव वाकाना. तोत्तोरीकडच्या डोंगरातली. शिगेओने तिला स्टोव्हपाशी बसवलं, स्वतः गल्लीत जाऊन शेजारच्या दारावरच्या नंबरावर फोन लावला आणि परत आला.

"टेप बोलते. नऊनंतर फोन करा म्हणते. अगं, याएकोला लाव. तिच्याकडे सफाईचा आकडा असणार."

"लावते. आधी खाऊ दे तिला."

सव्वासात झाले होते. मित्सुएने वाटी काढली ती नेहमीची नव्हे, पाहुण्यांची. बांगडा आपल्या वाटणीचाच मुलीपुढे ठेवला. अंडं गुंडाळून तळलं, मुळा किसला. कंबर दुखायची राहिली होती.

"काकू, एवढं नको."

"परीक्षेला उपाशी जातात का? आणि त्या खोलीत काय खाल्लंस काल?"

"कपातले नूडल्स."

मित्सुएने शिगेओकडे असं पाहिलं, जसा काही खटलाच जिंकला.

"घड्याळ बघ," शिगेओ म्हणाला.

"बघितलंय."

"बघतेस आणि भात वाढतेस."

मुलगी जेवताना मान वर करून हसली. अशी मान वर करून हसणारी पाहुणी तीन वर्षांत त्या चटईवर बसली नव्हती. आणखी पाच मिनिटं, मित्सुए मनात म्हणाली. चहा झाला की लावते. चहाही झाला. मुलीचे गुडघे एकसारखे हलायला लागले होते, ते तिला दिसत होतं. शेवटी शिगेओ भिंतीला धरून उठला आणि फोन आणून तिच्या हातात दिला. सात चाळीस.

याएको सायकलवरून सातव्या मिनिटाला आली. आली ती थेट पायरीशी, सरळ मुलीकडे बघत.

"कधीपासून बाहेर आहेस, बाळ?"

"सातपासून."

याएकोने मित्सुएकडे बघितलं. मग शेजारच्या दारावर चार आकडे दाबले, दार उघडलं. मुलगी जिना चढत धावली आणि चार मिनिटांत खाली आली. दप्तराची एक बाजू उघडी, केस विंचरलेले नाहीत. याएकोने पट्टा ओढून दप्तर बंद केलं. "आठ पाचची ट्राम मिळेल. कोपऱ्यावरून डावीकडे."

मुलगी दोघींपुढे वाकली. आधी याएकोपुढे, आणि जास्त खोल. मग पळाली.

दोघीही रस्त्याच्या कडेला हात जुळवून उभ्या राहिल्या. मुलीने कोपऱ्यावर वळून पाहिलं तेव्हा दोघी एकदमच वाकल्या, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत वाकलेल्याच राहिल्या. ठरवून नाही, पाहुण्यांना निरोप द्यायची बावीस वर्षांची सवय.

"चाळीस मिनिटं," सरळ होत याएको म्हणाली. "परीक्षेचं पोर, मालकीणबाई."

"माहीत आहे."

"माझा नंबर विसरला होता का?"

"नाही." मित्सुए गल्लीकडेच बघत होती. "तुला लगेच फोन केला असता तर ती तुझी झाली असती. चिठ्ठ्या तुला, मोची तुला. चौतीस वर्षं दारात मी वाकले."

याएकोने सायकलचं स्टँड लावलं. तिला हसू आलं, पण ते चांगलं हसू नव्हतं.

"बावीस वर्षं पाहुणे तुमच्यापुढे वाकायचे, आणि गाद्या मी घालायचे. निरोपालाही मी दोन पावलं मागे. माझ्याकडे एकाने तरी बघितलं का? तेव्हा माझ्या पोटात काय होत होतं, ते विचारलंत कधी?"

मित्सुएने कधीच विचारलं नव्हतं. मनातही आलं नव्हतं.

"चिठ्ठ्या मिळतात," याएको म्हणाली, "पण तोंड एकाचंही दिसत नाही. मी येते तेव्हा खोली रिकामी. आज पहिल्यांदाच कुणी माझ्यासमोर वाकलं."

आतून शिगेओचा आवाज आला, बांगडा गार झाला म्हणून. दोघींनी तिकडे लक्ष दिलं नाही. याएको खिशातून आजची यादी काढून बघू लागली. कुठल्या खोल्या रिकाम्या व्हायच्या, किती वाजेपर्यंत.

"याएको," मित्सुए म्हणाली.

"काय?"

"कुणी जायचं असेल तर मला आदल्या संध्याकाळी सांगत जा. मी कुणाला जेवायला बोलावणार नाही, थांबवणार नाही. तू पुढे उभी राहा, मी दोन पावलं मागे राहीन. नुसता निरोप देऊ दे."