फाईल पालथी ठेवणाऱ्या डॉक्टर मोकल

डॉ. शरयू मोकल यांची आणि माझी पहिली भेट माझ्याच रुग्णाच्या खाटेशी झाली, आणि ती मला मुळीच आवडली नाही. नेरुळच्या आमच्या रुग्णालयात मी जुना फिजिशियन. बाई रक्तवाहिन्यांच्या सर्जन म्हणून नुकत्याच रुजू झालेल्या. त्यांच्या षष्ट्यब्दीच्या ग्रंथात गोडगोड लिहिण्याआधी कबूल केलेलं बरं, की तेव्हापासून मी त्यांच्यावर जळत आलो आहे.

जवळच्याच शिरवणे गावचे भोईर ताप आणि पाठदुखीने दाखल होते. मधुमेह जुना. अँटिबायोटिकने ताप उतरला, पाठदुखी मी मणक्याची ठरवली आणि रक्तात कोणता जंतू आहे ते सांगणाऱ्या कल्चरच्या रिपोर्टची वाट न पाहता घरी सोडण्याचा कागद लिहिला. बाई शेजारच्या रुग्णाला पाहायला आल्या होत्या. भोईरांनी त्यांनाच हाक मारली, "बाय, पाठीचा ठनका काय जात नाय."

बाईंची एक सवय आहे. फाईल पालथी ठेवायची, आधी रुग्णाला हात लावायचा. भोईरांच्या पोटावर ठेवलेला तळहात त्यांनी बराच वेळ उचललाच नाही.

"सर, पोट पाहिलंत?"

"रिपोर्ट पाहिलेत," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात तिथे ठेवला. बेंबीच्या वर एक गोळा नाडीसारखा उडत होता.

सीटी स्कॅनमध्ये दिसलं, पोटातली महाधमनी जंतूंनी पोखरून फुगली होती. ती कधीही फुटली असती. कल्चरमध्ये टायफॉइडच्या भावकीतला जंतू निघाला. बाईंनी सडका भाग काढला, आजूबाजूचं साफ केलं, नवी नळी जोडली आणि पुढे कित्येक आठवडे शिरेतून औषध चालू ठेवलं. इतकं नेटकं काम पाहून माझा नुसता जळफळाट झाला.

बरे झाल्यावर भोईर नारळ घेऊन आले ते माझ्याकडे. "बाय बोलल्या, तुमी येळेवर वलखलात म्हनून मी जित्ता हाय." मी नारळ घेतला, गप्प बसलो. नंतर बाईंना जाब विचारला, तर म्हणाल्या, "सर, शुगरच्या औषधाला ते तुमच्याकडेच येणार ना? त्यांचा भरवसा कशाला मोडायचा?" हुशारीचा हेवा कसाबसा पचतो. हा मोठेपणा मला अजून पचलेला नाही.

बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, असं मी मनापासून आणि थोडं जळतच म्हणतो. या ग्रंथाची एक प्रत शिरवण्याला पाठवायला मी समितीला सांगितलं आहे. भोईर, त्या दिवशी मी तुम्हाला घरी पाठवत होतो. अडवलं ते यांनी.