कपाळावरचा हात

आज मारिसेलवहिनीने व्हिनेगर आणि लसूण घालून चिकन शिजत ठेवलं. त्या आंबट वासाने मला ती पहिल्यांदा नाशिकरोडच्या घरी आली तो दिवस आठवला. जहाजावर नोकरी करणाऱ्या दादाने मनिलात परस्पर लग्न केलं, म्हणून आईने दोन वर्षं अबोला धरला होता.

दारातच वहिनीने वाकून आईचा हात घेतला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. आम्ही गोंधळून बघत राहिलो. आई दचकून म्हणाली, "अरे, हिला ताप आलाय का?"

"आई, त्यांच्याकडे असाच नमस्कार करतात," दादा म्हणाला.

आईने जणू ते ऐकलंच नाही. वहिनीला कॉटवर निजवून ती गवती चहाचा काढा करायला गेली. तिला खरंच ताप वाटला होता, की राग सोडायला निमित्त हवं होतं, हे मला अजूनही कळत नाही.