उष्ट्या ताटामागची माणसं

डॉ. वसुधाताई नाबर यांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या खादाडपणामुळे. मी पुण्याहून नव्याने इंग्लंडमध्ये, स्लाऊला आलेला सॉफ्टवेअरवाला. चित्रांशी संबंध कॅलेंडरपुरता. इथल्या मराठी मंडळातल्या कोणीतरी सांगितलं, की साउथहॅम्प्टनच्या एक निवृत्त भूलतज्ज्ञ दर रविवारी तिथल्या एका छोट्या संग्रहालयात जुनी डच चित्रं समजावून देतात आणि नंतर घरी नेऊन सोलकढी पाजतात. मी सोलकढीसाठी गेलो.

चित्रात नुसतं एक टेबल होतं. अर्धं सोललेलं लिंबू, मोडलेला पाव, आडवा पडलेला चांदीचा पेला, कागदाच्या पुडीत मिरी. ताईंनी विचारलं, "काय दिसतंय?" मी म्हणालो, "पाहुणे ताटात टाकून उठलेत. आमच्या आईने पाठीत धपाटा घातला असता." सगळे हसले. ताई मात्र खूश झाल्या. "बरोब्बर! आता सांगा, हे वाढलं कोणी? आणि आणलं कुठून?"

लिंबाचे, पेल्याचे ठरलेले अर्थ ताई सांगतच. वरून देखणं, आतून आंबट. वैभव आडवं व्हायला वेळ लागत नाही. पण त्या तिथे थांबत नसत. ताई मूळच्या वेंगुर्ल्याच्या, डचांच्या पडक्या वखारीजवळ लहानाच्या मोठ्या झालेल्या. पुडीतली मिरी त्यांना परकी नव्हतीच. मिरी आपल्या बाजूच्या किनाऱ्यावरून गेली, जायफळाच्या बेटांवरची माणसं डचांनी कापून काढली, साखर गुलामांच्या घामाची, हे त्या शांतपणे सांगत. "चित्रात माणूस एकही नाही," त्या म्हणत, "म्हणून तर जास्त नीट बघायचं."

हे नीट बघणं माणसांच्या बाबतीतही होतं. आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी सासूबाईंना व्हिसा मिळाला नाही. न सांगता ताई डिंकाचे लाडू घेऊन, स्वतः गाडी चालवत आल्या आणि बाळंतीण हिंडूफिरू लागेपर्यंत राहिल्या. मी आभार मानू लागलो तर म्हणाल्या, "भाषण नको, कुकर लाव."

आणि मग तो रविवार. कोणीतरी तक्रार केली होती. संग्रहालयाच्या मॅनेजरबाईंनी ताईंना गोड शब्दांत बजावलं होतं, की लिंबाबद्दल बोला, गुलामांबद्दल नको. यजमान गेल्यापासून ताईंचा सगळा आठवडा त्या एका दिवसाच्या आधारावर उभा होता, हे आम्हाला ठाऊक होतं. मी शहाणपणा शिकवला, "ताई, थोडं अॅडजस्ट करा ना. निदान टूर तरी राहील." त्या चिडल्या नाहीत. "अरे, लोकांना भूल द्यायचं काम मी जन्मभर केलं, पण हॉस्पिटलमध्ये. इथे नाही जमणार." गाइडचा बॅज काढून त्यांनी डेस्कवर ठेवला. मला त्यांचा रागही आला आणि रडूही.

पुढच्या रविवारी ताई आमच्यासारख्याच पाहुण्या म्हणून आल्या आणि त्याच चित्रासमोर उभ्या राहून हळू आवाजात बोलू लागल्या. बोलायला बॅज कशाला लागतो? आधी आम्ही चौघंच होतो, मग अनोळखी माणसंही जवळ सरकली. अलीकडे आमची लेक बरोबर असते. "आजी, हा लिंबू कोणी सोलली?" तिने विचारलं, तेव्हा तिचं मराठी दुरुस्त करायला मी तोंड उघडलं. ताईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि तिला कडेवर घेऊन उत्तर दिलं. भिंतीवरच्या पाटीवर मात्र आजही फक्त लिंबाचाच अर्थ लिहिलेला आहे.

ताई, पंचाहत्तरीनिमित्त आम्हा सर्वांचा नमस्कार. गुडघे सांभाळा, गोळ्या वेळेवर घ्या, ठणठणीत राहून शंभरी गाठा. यात माझा स्वार्थ आहे. मागे तुम्ही वेंगुर्ल्याला गेला होतात, तेव्हा मी एकटाच ते चित्र बघायला गेलो. बराच वेळ उभा राहिलो. तुम्ही शेजारी नव्हतात, तर ते नुसतंच सुंदर दिसत होतं.